बिनठिपक्याचा तराजू

धांदल्या दुकानाच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला तेव्हा तिने मान वर केली नाही. पावलांवरूनच तिने त्याला ओळखलं होतं. दोन पावलं भराभर, मग एक अर्धवट, जणू पाय पुढे गेला आणि माणूस मागेच राहिला. लहानपणी ती सायकल शिकत होती तेव्हा हीच पावलं तिच्या मागे धावायची.

“ताई, आहेस का?”

“नाही. ही माझी सावली काम करतेय.”

तो कसनुसं हसला आणि आत येऊन भिंतीजवळचं स्टूल ओढू लागला.

“त्या स्टुलावर नको.”

त्याने हात मागे घेतला. ते स्टूल कुणाचं हे त्याला सांगायची गरज नव्हती. बारा वर्षं त्याच स्टुलाशेजारी जमिनीवर बसून तो बाबांकडून काम शिकला होता. बाबांना जाऊन अकरा महिने झाले होते. त्यांचा चष्मा अजून बेंचच्या खिळ्याला लटकत होता, आणि रोज सकाळी ती बेंचबरोबर त्याच्याही काचा पुसत असे.

ती एका जनरेटरचा नोझल तपासत होती. तपासायचं यंत्र साधंच: एक लोखंडी डबी, वर दाबाचा काटा आणि बाजूला लांब दांडा. दांडा हळूहळू दाबला की नोझलमागे डिझेल कोंडत जातं, आणि दाब ठरावीक आकड्यावर पोचला की आतली सुई उचलली जाऊन डिझेलचा बारीक धुरळा उडतो. नोझल धड असेल तर त्या वेळी करकरतो. “नोझल बोलला पाहिजे,” बाबा म्हणायचे. “मुका नोझल ठिबकतो, आणि ठिबकणारा नोझल इंजिन खातो.”

धांदल्या यंत्राला टेकून उभा राहिला आणि बोलत सुटला. मालकांची नवी बस, सहा इंजेक्टर, तीन दिवस झाले, झोप नाही. बोलताना हात हलवायची त्याची जुनी खोड. हलता हलता उजवा हात नेमका नोझलच्या खाली येऊन थांबला, तळवा वर.

काटा एकशे ऐंशीवर होता. दोनशेला सुई उचलली जाणार होती.

बाबांनी तिला आयुष्यात एकदाच मारलं होतं. ती नऊ वर्षांची होती, आणि धुरळा कसा लागतो ते बघायला तिने असाच हात पुढे केला होता. थप्पड मारून झाल्यावर बाबांनी तिला जवळ बसवलं. डिझेल कातडी फोडून आत जातं, बाहेरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आतून हात सडत जातो, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. त्यांच्या स्वतःच्या वस्तादांची दोन बोटं अशीच गेली होती.

दांड्यावर तिचा हात होता. आणखी बोटभर दाबला की झालं असतं. लोक म्हणाले असते, धांदल्याच तो, घातला असेल हात. बोलायला लागला असता त्याहून एक क्षण तिने जास्तच घेतला.

“हात काढ, दादा.”

त्याने चटका बसल्यासारखा हात ओढला. पुढच्याच क्षणी नोझल करकरला. ‘दादा’ हा शब्द तोंडातून निसटला याचाच तिला जास्त राग आला.

धांदल्या हे नाव बाबांनीच ठेवलेलं. त्याचं कारण बेंचवरच्या काचनळ्या. बसचा पंप दुरुस्त झाला की तो बेंचवर चढवायचा, मोटरने फिरवायचा, आणि ठरलेल्या फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला किती डिझेल येतं ते सहा काचनळ्यांत मोजायचं. नळीत पडलेलं डिझेल आधी फेसाळलेलं असतं. अर्धा मिनिट थांबून, फेस बसू देऊन मग आकडा वाचायचा. हा पोरगा कधी थांबायचा नाही. “पंच्याहत्तर!” तो ओरडायचा. बाबा बिडी पेटवायचे, दोन झुरके मारायचे आणि म्हणायचे, “आता वाच रे, धांदल्या.” आता सत्तर असायचे.

त्या जुन्या पंपांची बाबांना माया होती. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा दट्ट्या. सहा दट्टे, सहा नळ्या, आणि एका दातेरी पट्टीने सहाही एकदम वळणार. पट्टी जितकी पुढे तितकं डिझेल जास्त, आणि ती किती सरकायची याला शेवटी एक स्क्रू आडवा. तो स्क्रू म्हणजे इंजिनची लक्ष्मणरेषा. तो लावून झाला की त्यातून तार ओवायची, तारेला शिशाचा मणी आणि मण्यावर पकडीने छाप. बाबांचा छाप होता तराजू, नखाएवढा. सील तुटलं नसेल तर पंपाच्या मापाची जबाबदारी छाप मारणाऱ्याची, हा या धंद्याचा जगभरचा कायदा.

आणि एक रीत होती. शागीर्द शिकून बाहेर पडला की वस्ताद त्याला आपली सीलची पक्कड द्यायचा. शागिर्दाने वर्षभरात स्वतःचा छाप कोरून घ्यायचा, तोवर वस्तादाचा वापरायचा. बाबांनी धांदल्याला पक्कड दिली तेव्हा आईने औक्षण करावं तशा कौतुकाने त्याच्याकडे बघितलं होतं. तो बसमालकाकडे फोरमन म्हणून लागला. छाप कोरायचा तेवढा राहून गेला.

पुढची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती, फक्त उलटी. दोन वर्षांपूर्वी मालकाच्या एका बसचा पंप बाबांनी तपासून सील करून दिला. तीन आठवड्यांनी ती बस चढावर काळा धूर ओकत बंद पडली. पिस्टन वितळून त्याला भोक पडलं होतं. पंप दुसरीकडे तपासला तर डिझेल जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने जास्त. सील शाबूत. सीलवर तराजू. मग दोष कुणाचा? फोरमन चारचौघांत मान खाली घालून म्हणाला, “वस्तादांची नजर गेली हो आता. काचनळी दिसत नाही त्यांना. मी सांगणार कोण?”

त्या एका वाक्यावर पस्तीस वर्षांचं दुकान ओस पडलं. मालकाने तो पंप भंगारात द्यावा तसा परत पाठवला. बाबांनी तो वरच्या फळीवर ठेवला आणि त्यावर फडकं टाकलं. तेव्हा ती दूरच्या शहरात इंजेक्टरच्या कारखान्यात होती. बाबांनीच पाठवलं होतं तिला. “माझी विद्या जुनी होत चाललीय. तू नवी शिकून ये.” ती परत आली तेव्हा बाबा दिवसभर रिकामं बेंच पुसत बसायचे.

ते गेल्यावर तिने फडकं काढलं. पंपाच्या नळीला बाबांचं तपासणी कार्ड बांधलेलं होतं. पहिली ओळ: सत्तर, सत्तर, एकाहत्तर, सत्तर, सत्तर, सत्तर. तारीख, सही. खाली दुसरी ओळ, पंप परत आल्यानंतरची: ब्याण्णव, ब्याण्णव, त्र्याण्णव, ब्याण्णव, एक्याण्णव, ब्याण्णव. आणि त्यापुढे बाबांच्या बारीक अक्षरात तीनच शब्द. “सील बिनठिपक्याचं आहे.”

तिने खणातली बाबांची पक्कड भिंगाखाली धरली, आणि कळायला वेळ लागला नाही. जुनी पक्कड देऊन टाकल्यावर बाबांनी नवी बनवून घेतली होती, आणि तिच्या तराजूच्या डाव्या पारड्याखाली एक ठिपका घातला होता. भिंगाशिवाय न दिसणारा. हे त्यांनी बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे बाबांना सगळं ठाऊक होतं. स्क्रू कुणी पिळला, सील कुणी मारलं, पक्कड कुणाची. ठाऊक असून ते नऊ महिने गप्प बसले आणि मग गेले.

ती त्या दिवशी रडली नाही. कार्ड परत बांधलं आणि फडकं टाकलं. लगेच बोंब मारली असती तर लोक म्हणाले असते, बाप गेला, पोरीचं डोकं फिरलं. फेस बसू द्यायचा होता.

“बस आणलीय?” तिने आता विचारलं.

“बाहेर उभी आहे. ताई, अब्रूचा प्रश्न आहे गं. चाळीस गाड्यांचं काम मालक मला देणार, माझ्या स्वतःच्या वर्कशॉपला. उद्यापर्यंत गाडी नीट झाली नाही तर गेलं सगळं.”

अब्रू हा शब्द त्याने या दुकानात उच्चारला, आणि छत कोसळलं नाही, याचं तिला नवल वाटलं.

बस रस्त्याच्या कडेला थरथरत उभी होती. इंजिन लंगडत होतं, ठोक्यांना ताल नव्हता. हे जुन्या पंपाचं इंजिन नव्हतं. इथे पंपाचं काम एवढंच, की जाड भिंतीच्या एका नळीत, म्हणजे रेलमध्ये, सोळाशेच्या दाबाने डिझेल कोंडून ठेवायचं. सहाही इंजेक्टर त्या एकाच नळीवर जोडलेले. कुणी कधी उघडायचं आणि किती वेळ, ते कॉम्प्युटर ठरवणार; तेही एका ठोक्यात तीन-तीनदा, आधी चिमूटभर, मग घासभर. बाबांना तिने हे समजावलं होतं तेव्हा ते बराच वेळ विचार करून म्हणाले होते, “म्हणजे दाब एकाच्या हातात, माप दुसऱ्याच्या. बरं आहे. भांडण झालं तर दोघांना धरता येईल.”

“इंजेक्टर साफ केलेस?” तिने लॅपटॉप जोडत विचारलं.

“साफ केले, दोन नवे घातले. माझ्या मशीनवर सहाही पास! कागद आहे माझ्याकडे. वायरिंग बघितलं, फिल्टर बदलला, रेलचा सेन्सर बदलला. आता कॉम्प्युटरच बदलतो म्हणालो, तर मालक अंगावर आले.”

“काढले तेव्हा सहाही टेबलावर एकत्र ठेवले होतेस?”

“हो. मग कुठे ठेवणार, देव्हाऱ्यात?”

तिने पडद्यावर पाहिलं. इंजेक्टरच्या डोक्यावर एक कोड कोरलेला असतो. कोणतेही दोन इंजेक्टर तंतोतंत सारखं डिझेल सोडत नाहीत. हा जरा हात आखडतो, तो जरा सैल सोडतो. कोड म्हणजे त्या त्या इंजेक्टरचा स्वभाव. कोणत्या सिलिंडरवर कोणता स्वभाव बसलाय ते कॉम्प्युटरला सांगावं लागतं, म्हणजे तो त्याप्रमाणे सांभाळून घेतो. धांदल्याने सहाही इंजेक्टर हाताला येईल तसे बसवले होते आणि कॉम्प्युटरमध्ये कोड जुनेच होते. कॉम्प्युटर बिचारा आखडत्याला सैल समजून दटावत होता. सहाही पास, आणि सहाही चुकीच्या नावाने ओळखले जाणारे.

पाच मिनिटांचं काम होतं.

“सापडलं,” ती म्हणाली.

“काय? काय सापडलं?”

“उद्या सकाळी नऊला मालकांना घेऊन ये. त्यांच्यासमोर सांगते.”

“मला सांग ना आत्ता. मी करतो.”

“धांदल करू नकोस.”

त्याचा चेहरा क्षणभर उतरला. बाबांशिवाय हे वाक्य त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

घरी आई तांदूळ निवडत बसली होती. तिने कार्डाचं आणि उद्याच्या बेताचं सांगितलं, तसं आईने ताट बाजूला ठेवलं.

“तुला ठाऊक होतं?” तिने विचारलं.

“सीलचं? हो.” आई म्हणाली. “मी म्हणाले त्यांना, जाऊन सांगा. तर म्हणाले, पक्कड मी दिली. वर्ष झालं तरी परत मागितली नाही, ते मीच. तराजू माझाच आहे ना? मग भोगायचंही मीच.”

“आणि तू ऐकून घेतलंस.”

“संसार केलाय मी त्यांच्याशी, वकिली नाही.” आईने एक खडा काढून टाकला. “सोड आता. त्याला दोन मुली आहेत.”

“बाबांनाही एक होती.”

आईने ताट पुन्हा पुढे ओढलं, पण तिची बोटं तांदळावरून नुसतीच फिरत राहिली.

सकाळी मालक आला. जाडजूड माणूस, दारातून शिरताना आडवा होणारा. “काय गं पोरी, बापासारखं घोळात घेऊ नकोस हं. गाडी कुठेय, लॅपटॉप कुठेय? हे काय जुनं धूड चढवून ठेवलंस?”

बेंचवर फळीवरचा पंप चढवलेला होता. तारेत सील तसंच.

“नव्याचं सांगायच्या आधी जुन्याचं सांगावं लागतं,” ती म्हणाली. “पाच मिनिटं. बसा. त्या स्टुलावर नको, खुर्चीवर.”

धांदल्याने पंपाचा नंबर वाचला आणि तो दाराच्या दिशेला सरकला.

“तू कुठे निघालास? काचनळी तूच वाचणार. बाबांच्या हाताखाली बारा वर्षं वाचलीस.”

तिने मोटर सुरू केली. पंप घुमू लागला, सहा धारा सहा नळ्यांत पडू लागल्या. मोजलेल्या फेऱ्या संपल्या, धारा थांबल्या. नळ्यांत वर पांढरट फेस.

“शंभर,” धांदल्या पुटपुटला.

“थांब.”

अर्धा मिनिट. मालकाने घड्याळ बघितलं. धांदल्या ओठ चावत राहिला. ती बाबांच्या चष्म्याकडे बघत होती.

“आता वाच.”

“ब्याण्णव,” त्याने वाचलं. “ब्याण्णव. त्र्याण्णव...”

“माहितीय की हे!” मालक वैतागला. “म्हणून तर पिस्टन गेला. तुझ्याच बापाचं सील आहे ते.”

तिने मालकाच्या हातात भिंग दिलं. मग ड्रॉवरमधून एक डबी काढून त्याच्यासमोर उपडी केली. त्या काळातल्या इतर गिऱ्हाइकांच्या पंपांवरची सीलं. बाबा गेल्यावर गिऱ्हाईक थोडंथोडं परत येऊ लागलं, तेव्हापासून अकरा महिने तिने एकेक पंप दुरुस्तीला आला की जुनं सील कापून तारखेसकट जपलं होतं. एकोणीस होती. “प्रत्येक तराजूच्या डाव्या पारड्याखाली बघा. ठिपका आहे? आता पंपावरचं बघा.”

मालक माणूस अडाणी नव्हता. त्याने तीन-चार मणी पाहिले, वाकून पंपावरचं सील पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं.

“बिनठिपक्याची पक्कड एकच आहे,” ती म्हणाली. “बाबांनी ती एकालाच दिली होती.”

बाहेर बस लंगड्या ठोक्यांवर धडधडत होती.

“मालक, तुम्हीच म्हणालात ना,” धांदल्याचा आवाज चिरकला. “गाडी चढाला मरते, माणसं उतरून दुसऱ्या बसमध्ये बसतात, काहीतरी कर. मी अर्धा फेराच पिळणार होतो. घाईत...”

“मी सील तोडायला सांगितलं?” मालक म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

“घाईत तू स्क्रू पिळलास,” ती म्हणाली. “सील मात्र घाईत मारलं नाहीस. तार नीट ओवलीय, मणी मधोमध आहे. बाबांनी शिकवलं होतं तसं. आणि मग चारचौघांत म्हणालास, त्यांची नजर गेली.”

“ताई, मी पाया पडतो तुझ्या. वस्ताद असते तर...”

“ते तुला माफ करतील हे तुला ठाऊक होतं. म्हणूनच तर तू ते केलंस.” तिचा आवाज चढला नाही. “मी ते नाही.”

तिने कार्ड पुढे ठेवलं, पेन ठेवलं. “तिसरी ओळ तू लिही. आजचे आकडे. खाली: स्क्रू मी फिरवला, सील मी मारलं. पूर्ण सही. मालक, साक्षीदार म्हणून तुम्ही. मग बस पाच मिनिटांत नीट करते.”

“आणि नाही केली सही तर?” मालकाने विचारलं.

“तर बस तशीच घेऊन जा. फोरमनना कॉम्प्युटर बदलायचाय म्हणे. बदलून बघा. त्याने काही होणार नाही.”

मालकाने आधी सही केली. धांदल्याला तीनदा पेन टेकवावं लागलं.

मग ती बाहेर गेली. सहा इंजेक्टरच्या डोक्यांवरचे कोड तिने मोठ्याने वाचले, मालकाला ऐकू जातील असे, आणि एकेक करून जागच्या जागी भरले. इंजिन बंद करून परत सुरू केलं. थरथर गेली होती. ठोके एका मापात पडत होते.

“एवढंच?” मालक म्हणाला.

“एवढंच. काढताना खडूने एक ते सहा आकडे घातले असते, तर तेवढंही नसतं.”

मालकाने धांदल्याकडे असं पाहिलं, की चाळीस गाड्यांचं काय होणार ते कुणाला विचारावं लागलं नाही. तो बसमध्ये चढला आणि एकटाच गेला.

धांदल्या पायरीवर उभा राहिला. मग खिशातून त्याने ती पक्कड काढली. तिला वाटलं होतं ती कुठल्या तरी खणात गंजत पडली असेल. पण दांड्या रोज हाताळल्यासारख्या गुळगुळीत होत्या. त्याने ती बेंचवर ठेवली.

“कार्डाचं काय करणार?” त्याने विचारलं.

तिने उत्तर म्हणून खिळा आणि हातोडी घेतली. दारातून आत शिरताच डोळ्यांपुढे येईल अशी जागा निवडली. गिऱ्हाईक थांबतं, रिकामपणी भिंती वाचतं, तिथे. तो पहिला घाव पडेपर्यंत थांबला, मग निघून गेला. दोन पावलं भराभर, एक अर्धवट.

दुपारी आई डबा घेऊन आली. भिंतीसमोर उभी राहून तिने कार्ड वाचलं, वरपासून खालपर्यंत, तिन्ही ओळी.

“त्यांना हे आवडलं नसतं,” ती म्हणाली.

“माहितीय.”

“गल्लीतली पोरं त्याच्या मुलींना बोलतील.”

“बोलतील.” तिने डबा उघडला नाही. काल रात्रीपासून ती या दुपारची वाट बघत होती, आणि आता तिला नुसतीच भूक लागली होती. स्टूल अजून रिकामंच होतं.

आई कार्डासमोरून हलली नाही. घाईत ठोकल्यामुळे ते एका बाजूला कललं होतं. आईने पदराने हात पुसला, बोटाने त्याचा डावा कोपरा उचलला आणि ते सरळ केलं.